बांधावरचं भांडण

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एक वाक्य हमखास असतं. नद्यांच्या काठी सुपीक गाळ साचला, पाण्याची सोय झाली, म्हणून तिथे संस्कृती उदयाला आल्या. नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू, ह्वांग हो. चार नद्या पाठ केल्या की चार मार्क. वाक्य खोटं नाही. पण ते वाचून असं वाटतं, की नदीनं पान वाढून ठेवलं होतं आणि माणसं नुसती हात धुऊन बसली.

मला त्या पंगतीतल्या भांडणात जास्त रस आहे. त्यातलं एक भांडण असं, की ते एकदा वाचायला घेतलं आणि मग सुटलंच नाही. आजच्या दक्षिण इराकमधली, सुमेरची दोन शेजारी राज्यं, उम्मा आणि लगश. उम्मा शहरापासून लगश राज्यातलं गिर्सू हे शहर जेमतेम ३० किलोमीटरवर. दोघांच्या मध्ये शेतजमिनीचा एक मोठा पट्टा, नाव गु-एदिन. अर्थ साधारण ‘माळाची कड’. या पट्ट्यावरून आणि त्याच्या कडेनं जाणाऱ्या पाटाच्या पाण्यावरून ही दोन राज्यं दीडशे वर्षांहून जास्त काळ भांडली. पाण्याच्या तंट्याचं इतकं जुनं आणि इतकं तपशीलवार दप्तर जगात दुसरं नाही.

उम्मा पाण्याच्या वरच्या अंगाला, लगश खालच्या अंगाला. आपल्या कालव्यांच्या भाषेत एक हेडला, दुसरं टेलला. ज्यांच्या घरची शेती टेलला आहे, त्यांना पुढची गोष्ट इथेच निम्मी कळली असेल.

आधी जमीन बघू, कारण सगळी गोम तिच्यातच आहे. बगदाद समुद्रापासून ५०० किलोमीटरहून आत आहे, तरी समुद्रसपाटीपासून त्याची उंची भरते जेमतेम ३५ मीटर. तिथून खाली आखातापर्यंत सगळा मुलूख परातीसारखा सपाट. इतक्या सपाटीवरून जाणारी नदी सोबतचा गाळ वाटेतच टाकते. दोन्ही काठांवर टाकते, तळावर टाकते, आणि होता होता आजूबाजूच्या रानापेक्षा उंचावरून वाहू लागते. यात सोय अशी, की काठ थोडा फोडला की पाणी आपसूक शेतात उतरतं. मोट नको, रहाट नको. गैरसोय अशी, की पुरात नदी स्वतःच काठ फोडते आणि कधी कधी जुनं पात्र सोडून भलतीकडूनच वाट काढते. मग कालचं नदीकाठचं गाव आज कोरड्यावर.

पाऊस वर्षाला १५० मिलिमीटरच्या आसपास. आपण ज्याला दुष्काळी म्हणतो त्या माण तालुक्यातही याच्या दुपटीहून जास्त पडतो. म्हणजे पाट नाही तर पीक नाही, इतका साधा हिशोब. दगड नाही, इमारती लाकूड नाही, कोणताही धातू नाही. आहे ती माती. तिच्याच विटा, तिच्याच पाट्यांवर लिखाण, आणि सुरुवातीच्या काळात तर पीक कापायचे विळेसुद्धा भाजलेल्या मातीचे. मातीच्या विळ्यानं जव कापणारा माणूस डोळ्यांसमोर आणा, मग ‘सुपीक नदीखोरं’ हा शब्द उच्चारताना जरा जपून उच्चारावासा वाटतो.

आणि पूर तरी वेळेवर यावा! तिथली पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, तेव्हा नद्या सर्वांत आटलेल्या असतात. अनातोलियाच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून पूर येतो तो एप्रिल-मेमध्ये, पीक कापणीला उभं असताना. पाणी हवं तेव्हा मिळत नाही आणि नको तेव्हा अंगावर येतं. इजिप्तचं नशीब याच्या नेमकं उलट. नाईलचा पूर इथिओपियातल्या उन्हाळी मोसमी पावसाचा. तो जुलैत चढायला लागतो, ऑक्टोबरपर्यंत उतरतो, मागे ओला गाळ सोडतो आणि मग माणसं पेरतात. शिवाय दरवर्षीचा पूर जमिनीतलं मीठ धुऊन नेतो. आपल्या गोष्टीत या मिठाचं काम पुढे आहे. नाईल ही एकच लांबलचक दोरी, दोन्हीकडे वाळवंट. ज्याच्या हाती दोरी त्याच्या हाती देश. इ.स.पू. ३१००च्या सुमाराला तिथे एकच राजा झालाही. सुमेरमध्ये नद्यांना फाटे, फाट्यांना पाट, आणि प्रत्येक फाट्यावर एक शहर, प्रत्येक शहराचा स्वतःचा देव आणि स्वतःचा राजा. सिंधूकाठी काय होतं ते सांगायला तिथली लिपी अजून तयार नाही, म्हणून त्या खोऱ्याला इथे हात लावत नाही.

कार्ल विटफोगेल नावाच्या अभ्यासकानं १९५७ साली एक जाडजूड सिद्धांत मांडला होता: मोठे कालवे खणायचे आणि राखायचे तर हजारो माणसांवर हुकूम चालवणारी सत्ता लागते, म्हणून नद्यांच्या काठी हुकूमशाही जन्मली. ऐकायला पटतं. पण रॉबर्ट मॅकॉर्मिक अ‍ॅडम्स यांनी इराकच्या त्या मैदानात वर्षानुवर्षं हिंडून जुन्या वस्त्यांचे आणि पाटांचे माग काढले, तेव्हा दिसलं ते वेगळंच. सुरुवातीचे पाट छोटे, गावकीनं खणण्याजोगे होते. मोठे कालवे राजे स्थिरावल्यावर आले. माझं मत विचाराल तर पाट खणायला राजा लागत नाही. गाव जमतं, वाद घालतं, खणतं. राजा लागतो तो शेजारच्या गावानं वरून पाणी तोडल्यावर.

आता तंटा.

साधारण इ.स.पू. २६००च्या पुढेमागे कीश शहराच्या मेसिलिम नावाच्या राजानं मध्यस्थी करून उम्मा आणि लगश यांच्यात हद्द आखली आणि खुणेचा दगड रोवला. दगड नसलेल्या देशात दगड रोवणं म्हणजे काय, हे लक्षात घ्या. तो लांबून आणावा लागे. हद्दीचा दगड ही वस्तूच मुळी महागडी होती, आणि म्हणूनच तो फोडणं हा उघड अपमान. तो अपमान उम्माच्या उश नावाच्या शासकानं केला. दगड उपटला आणि लगशच्या रानात घुसला.

हे सगळं आपल्याला कळतं ते लगशच्या तोंडून. उम्माची बाजू सांगणारं त्या काळातलं लिखाण फारच थोडं. वर्तमानपत्रात भावकीच्या वादाची बातमी वाचताना आपण जशी मनात थोडी जागा मोकळी ठेवतो, तशी इथेही ठेवावी. लगशच्या लेखांत उम्माचा माणूस नेहमीच दगड फोडणारा, शपथ मोडणारा आणि कर्ज बुडवणारा असतो.

इ.स.पू. २४५०च्या सुमाराला लगशच्या गादीवर एअन्नातुम आला. त्यानं उम्माला हरवलं आणि त्या विजयाचा शिलालेख उभारला. १८८०च्या दशकात एर्नेस्त द सार्झेक या फ्रेंच उत्खननकर्त्याला गिर्सूच्या टेकाडात त्याचे तुकडे सापडले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. ‘गिधाडांचा शिलालेख’ म्हणून फोटो शोधा आणि मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून बघा. एका बाजूला ढालींची सलग भिंत करून चालणारे सैनिक, त्यांच्या पायांखाली मेलेले लोक, वर माणसांची मुंडकी चोचीत धरून उडणारी गिधाडं. दुसऱ्या बाजूला निनगिर्सू हा लगशचा देव, हातात मोठं जाळं, आणि जाळ्यात शत्रू मासळीसारखे गच्च भरलेले. मासेमारांच्या देशातला देव; त्याच्या हातात जाळंच असणार.

लेखातल्या लढाईपेक्षा मला त्यातली शपथ जास्त महत्त्वाची वाटते. एअन्नातुमनं उम्माच्या माणसाकडून एकेका देवाच्या जाळ्यावर हात ठेववून वदवून घेतलं, की हद्द ओलांडणार नाही, पाट बदलणार नाही, दगड फोडणार नाही. शपथ देवापर्यंत पोहोचावी म्हणून कबुतरांच्या डोळ्यांत काजळ घालून त्यांना सोडलं. मग उम्माचा नवा शासक एनाकल्ले याच्याशी तह झाला. हद्दीवर पाट खणला गेला, मेसिलिमचा दगड पुन्हा उभा राहिला, आणि उम्माच्या बाजूच्या जमिनीची एक मोठी पट्टी कुणीच कसायची नाही असं ठरलं.

आणि त्याच तहात पुढच्या शंभर वर्षांची काडी पेटली. लगशनं उम्माला गु-एदिनचा काही भाग कसायला दिला, पण कर्ज म्हणून. जमीन आमच्या देवांची. जव पिकवा, त्यातला ठरलेला वाटा द्या, नाही दिलात तर व्याज चढेल. आपल्याकडे सावकार सवाई-दिढीनं धान्य द्यायचे, तशातलाच प्रकार. व्याजावर व्याज चढलं. पुढच्या पिढीतला लगशचा शासक एनमेतेना यानं मातीच्या शंकूवर या तंट्याचा सगळा इतिहास कोरून ठेवला आहे. त्यात थकबाकीचा जो आकडा येतो तो कोणत्याही शेताला, कोणत्याही शहराला पेलण्यापलीकडचा आहे.

हा आकडा बघून काहींना वाटतं लेखनिकाची चूक असेल. मी एकदा सहज हिशोब करून बघितला. त्या मुलखात नंतरच्या काळात धान्याच्या कर्जावर मुद्दलाचा तिसरा हिस्सा व्याज घ्यायची रीत होती. तो दर धरून चक्रवाढीनं एक पोतं जव मोजलं, तर १० वर्षांत साडेसतरा पोत्यांच्या वर जातं आणि ४० वर्षांत ९९ हजार पोत्यांच्या वर. चूक वगैरे काही नाही. कर्ज फिटावं म्हणून ते दिलेलंच नव्हतं. ते उम्माच्या मानेवर ठेवण्यासाठी होतं, आणि जमीन आपली आहे हे दरवर्षी आठवण करून देण्यासाठी.

उम्माच्या बाजूनं विचार केला तर? जमीन आपलीच आहे असं त्यांचंही म्हणणं असणार. आपल्याच रानात पेरायचं आणि शेजाऱ्याच्या देवाला वाटा द्यायचा, वर व्याज. एनाकल्लेचा मुलगा उर-लुम्मा गादीवर आला तेव्हा त्यानं काय केलं हे लगशच्या शंकूत रागारागानं लिहिलं आहे. त्यानं हद्दीच्या पाटांचं पाणी वळवलं. हद्दीचे दगड आगीत घालून फोडले. बांधावरची देवळं पाडली. बाहेरचे भाडोत्री लोक घेतले आणि पाट ओलांडला. हेडच्या माणसाकडे टेलच्या माणसाविरुद्ध एक हत्यार कायमच असतं, ते त्यानं काढलं.

एनमेतेनानं त्याला पिटाळलं. उर-लुम्मा पळाला आणि आपल्याच शहरात मारला गेला. पाटाच्या काठी त्याच्या गाढवांच्या साठ जोड्या सोडून गेला, असं लेख सांगतो. त्या काळी घोडा नव्हता, रथ ओढायला गाढवंच. उम्माला मग इल नावाचा शासक मिळाला, आधी तो देवळाचा कारभारी होता. त्यानंही पाणी वळवलं, थकबाकीतला नगण्य भाग तेवढा चुकवला, आणि लगशचे दूत विचारायला आले तेव्हा हद्दीचा पाट माझा आहे असं सांगून त्यांना वाटेला लावलं.

एनमेतेनानं यावर जो उपाय काढला तो तलवारीचा नव्हता. त्यानं तैग्रिसपासून नवा कालवा आणला. म्हणजे उम्माच्या हातातल्या पाण्यावर अवलंबून राहणंच संपवायचं. पायाला दगड वापरला, हे मुद्दाम नोंदवून ठेवलं. आज तैग्रिसपासून दक्षिणेकडे जाणारा शत्त अल-घर्राफ हा फाटा त्याचाच वारस असावा असं काही अभ्यासक मानतात.

याच एनमेतेनानं लगशच्या लोकांची कर्जं माफ केली. सुमेरी भाषेत तिथे ‘अमर्गी’ असा शब्द येतो. शब्दशः अर्थ आईकडे परत जाणं. कर्जापायी घरातली मुलं सावकाराकडे राबायला जायची, ती आईकडे परत आली. कर्जमाफीची ही आपल्याला माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद, आणि स्वातंत्र्य या अर्थाचा लेखी स्वरूपात सापडलेला पहिला शब्दही हाच धरतात. मला इथे नेहमी अडखळायला होतं. ज्या माणसानं आपल्या प्रजेच्या पोरांना आईकडे पाठवलं, त्याच माणसाच्या दप्तरात शेजारच्या गावावर न फिटणाऱ्या जवाचा डोंगर चढवलेला आहे. दोन्ही गोष्टी एकाच कारकिर्दीतल्या. कर्ज म्हणजे काय असतं हे त्याला नीट ठाऊक होतं.

लगशच्या आत काय चाललं होतं तेही कळतं, कारण गिर्सूला राणीच्या कारभाराच्या दीड हजारांहून जास्त पाट्या सापडल्या आहेत. कोण विणकरीण, कोण कोळी, कोण माळी, कुणाला महिन्याला किती जव. या राज्यातला मोठा वर्ग रोजच्या भाकरीसाठी देवळाच्या आणि राजवाड्याच्या कोठारावर अवलंबून होता. जमीन नावाला देवाची. इ.स.पू. २३५०च्या सुमाराला उरुइनिमगिना सत्तेवर आला आणि त्यानं आधीच्या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली. देवाचे बैल शासकाचे कांद्याचे वाफे नांगरतात, देवाच्या उत्तम जमिनीत शासकाच्या काकड्या आणि कांदे आहेत. मयताच्या घरून पुजारी ७ घडे बिअर आणि ४२० भाकऱ्या घेतात. त्यानं ते ३ घड्यांवर आणि ८० भाकऱ्यांवर आणलं. विधवेला आणि पोरक्या मुलाला बळवंताच्या हाती देणार नाही, असा त्यानं निनगिर्सूशी करार केला.

वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण त्याच पाट्यांत दिसतं, की जी मालमत्ता राणीच्या नावानं होती ती बाऊ या देवीच्या नावावर झाली आणि तिचा कारभार मात्र नव्या राणीकडे, शाशाकडेच राहिला. सात-बारा बदलला, कोठाराची किल्ली त्याच घरात.

आठेक वर्षांत उम्माच्या लुगालझागेसीनं लगशवर झडप घातली. देवळं जाळली, चांदी आणि निळे लाजवर्द लुटले, निनगिर्सूच्या शेतातला जव उपटला. लगशच्या कुणा लेखनिकानं एका पाटीवर एकेका देवळाचं नाव घेऊन काय काय जळलं त्याची यादी केली आहे. शेवटी तो म्हणतो, की उरुइनिमगिनाचा यात काही दोष नाही. हे पाप लुगालझागेसीच्या देवीनं, निसाबानं, आपल्या मानेवर वाहावं. निसाबा ही धान्याची देवी आणि लिहिण्याचीही. लिहिणाऱ्या माणसानं लिहिण्याच्या देवीला दिलेला हा शाप. सबंध प्रकरणात मला सर्वांत जिवंत वाटतो तो हा बिननावाचा कारकून.

लुगालझागेसीचंही फार दिवस चाललं नाही. उत्तरेकडून अक्कडचा सारगोन आला, त्यानं त्याला हरवलं आणि मानेत खोडा घालून निप्पूरच्या देवळाच्या वेशीपर्यंत नेलं. उम्मा आणि लगश एकाच साम्राज्याचे दोन तुकडे झाले. हद्दीचा प्रश्न सुटला, कारण दोघांचीही हद्द उरली नाही.

पण पाटांतून पाणी वाहतच होतं, आणि आता त्या मिठाची पाळी.

तिथल्या नद्यांच्या पाण्यात थोडे क्षार असतात. सपाट जमीन, निचरा नाही, ऊन कडक. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. जास्त पाणी दिलं की जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते आणि खालचं मीठही सोबत वर आणते. जमिनीवर पांढरा थर फुटतो. हे समजायला इराकला जायची गरज नाही. सांगलीकडे कृष्णाकाठी किंवा शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षं मोकाट पाणी पाजून क्षारपड झालेली रानं आहेत. तिथले शेतकरी आता जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडून खारं पाणी बाहेर काढताहेत.

थॉर्किल्ड जेकबसन आणि अ‍ॅडम्स यांनी १९५८ साली पाट्यांवरच्या नोंदी एकत्र लावून एक आलेख दाखवला. इ.स.पू. ३५००च्या सुमाराला दक्षिण मेसोपोटेमियात गहू आणि जव जवळपास सारखे पिकत. एनमेतेनाच्या काळाच्या आसपास गिर्सूला गहू एकूण पिकाच्या सहाव्या हिश्शावर आला. इ.स.पू. २१००ला तो दोन टक्क्यांच्याही खाली होता आणि इ.स.पू. १७००पर्यंत नाहीसा झाला. जव मीठ सहन करतो, गहू करत नाही. उताराही घसरला: त्यांच्या हिशोबानं इ.स.पू. २४००ला गिर्सूला हेक्टरी सुमारे २,५०० लिटर धान्य निघे, इ.स.पू. २१००ला १,४६०, आणि इ.स.पू. १७००च्या सुमाराला शेजारच्या लार्सात ९०० लिटरच्या आत. जेकबसन यांनी बोट ठेवलं ते थेट एनमेतेनाच्या कालव्यावर. टेलच्या माणसाला पहिल्यांदाच पोटभर पाणी मिळालं, त्यानं ते रानाला पाजलं, आणि खालचं पाणी वर आलं.

१९८५ साली मार्विन पॉवेल यांनी या मांडणीला जोरदार धक्का दिला. पाट्यांवरचे आकडे जसेच्या तसे उतारा म्हणून वाचता येत नाहीत, गहू कमी होण्याला इतर कारणंही असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. ते बरंच बरोबर आहे. मिठानं सुमेर बुडवलं असं एका ओळीत सांगणारे व्हिडिओ मलाही पटत नाहीत. कारण तिथल्या शेतकऱ्याला मिठावरचा उतारा माहीत होता. एक वर्ष पेरायचं, एक वर्ष रान पडीक ठेवायचं. पडीक रानात जवाशाच्या जातीची खोल मुळांची काटेरी झुडपं उगवतात, ती खालचं पाणी शोषून घेतात, वरची माती कोरडी पडते, मीठ खाली जातं. मॅग्वायर गिब्सन यांनी १९७४ साली मांडलेला मुद्दा म्हणून मला जास्त जवळचा वाटतो. शेतकऱ्याच्या हातात असतं तोवर रान पडीक राहतं. कोठार भरायचा आकडा वरून ठरून आला, की रानाची विश्रांती पहिली कापली जाते. मीठ पाण्याबरोबर येतं खरं, पण त्याला वर काढणारी घाई बहुतेकदा रानाबाहेरची असते.

आणि असा वरून आकडा ठरवणारं राज्य आलंच. इ.स.पू. २१००च्या सुमाराला ऊर शहराच्या राजांनी सगळा दक्षिण मुलूख एका हिशोबात बांधला. उम्मा आणि गिर्सू आता त्यांचे दोन प्रांत, आणि दोन्हीकडून हजारोंनी पाट्या निघाल्या आहेत. गिर्सूच्या प्रांतातल्या नोंदींत ‘मेलुह्हाचं गाव’ अशी एक वस्ती येते. मेलुह्हा म्हणजे सिंधूचं खोरं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. कधीकाळी तिकडून येऊन राहिलेल्या लोकांचं गाव, पण नोंदीत दिसतं ते इतर गावांसारखंच कोठाराला जव घालताना.

तीनशे वर्षं जिची बाजू नीट ऐकूच येत नव्हती, त्या उम्माचा आवाज या पाट्यांमध्ये एकदाचा येतो. त्यात ना जाळं, ना गिधाडं. पाट खणायला माणशी रोज ३ घनमीटर माती, हा ठरलेला माप. पुरुषाला महिन्याला ६० लिटर जव, बाईला ३०. अमुक पाटातला गाळ काढायला इतके दिवस, तमुक बांधावरची वेताची झुडपं तोडायला इतके. प्रत्येक टोळीवर एक मुकादम, आणि त्याच्या नावावर कामाच्या दिवसांचा जमाखर्च: वर्षाला इतकं काम यायला हवं होतं, इतकं आलं, इतकं बाकी. बाकी पुढच्या वर्षाच्या पाटीवर वरच्या ओळीत ओढली जाते. ती सहसा फिटत नाही. मुकादम मेला, तर वसुलीसाठी त्याच्या घराकडे माणसं जातात, सामान मोजून नेतात, आणि मागे राहिलेली माणसं कामाच्या टोळीत नोंदवली जातात.